फ्रिजचा खालचा खण

सांगलीतल्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एक जुना फ्रिज आहे. त्याचं दार आपणहून लागत नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबची एक पट्टी त्याला आवळून बांधलेली असते. घरच्या फ्रिजमध्ये जिथं भाजी ठेवतात तो सगळ्यात खालचा खण बावीस वर्षं प्रभाक्कांचा आहे. त्यात काय असतं, हे परवापरवापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

प्रभाक्का म्हणजे प्रभावती धन्यकुमार मगदूम, विभागाच्या प्रयोगशाळा परिचर. माहेर नांद्र्याचं, घर विश्रामबागेत जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत. येत्या मे महिन्यात त्यांना साठ पुरी होतील आणि नोकरी संपेल. ही नोकरी आधी त्यांच्या यजमानांची होती. धन्यकुमार काविळीनं गेले तेव्हा लेक कीर्ती तिसरीत होती. अनुकंपेवर प्रभाक्कांना त्याच जागेवर घेतलं, आणि पहिल्या दिवशी त्यांनी यजमानांचाच निळा कोट, बाह्या दोनदा दुमडून, अंगात घातला.

काम तीन तऱ्हेचं. काचसामान धुवायचं. सूक्ष्मजीवांसाठी पोषक द्रव्य शिजवून काचेच्या चपट्या बशांत, म्हणजे प्लेटांत, ओतायचं. आणि संध्याकाळी, काम झालेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये घालून नष्ट करायच्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे कमरेएवढा उंच प्रेशर कुकरच. धन्यकुमार घरी सांगताना एवढंच सांगत, की दिवसाच्या शेवटी मी भांडी उकळतो. प्लेटांवरचे ते पांढरे, पिवळे ठिपके म्हणजे जीव आहेत आणि उकळणं म्हणजे त्यांना मारणं आहे, हे प्रभाक्कांना तिसऱ्या आठवड्यात कळलं. सूर्यास्तानंतर घास न घेणारी, पाणी दोनदा गाळून पिणारी बाई त्या. त्या संध्याकाळी त्या ऑटोक्लेव्हच्या झाकणावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी बटण दाबलं, कारण कीर्तीच्या शाळेची फी त्या बटणामागं होती.

त्या वर्षी चातुर्मासाला गावात आलेल्या आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, माताजींना त्यांनी सगळं सांगितलं. माताजी म्हणाल्या, पोटासाठी करावं लागतं ते कर, गरजेपेक्षा एकही जास्त नको, आणि पर्वाचे दिवस तरी पाळ. प्रभाक्कांनी तिथंच नियम घेतला. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, जैनांच्या दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत, आपल्या हातून एकही जिवंत प्लेट उकळली जाणार नाही.

पण विभागाचा नियम भिंतीवर चिकटवलेला होता : वापरलेल्या प्लेटा त्याच संध्याकाळी नष्ट कराव्यात. शेजारी खिळ्याला नोंदवही. तारीख, कुणाच्या प्लेटा, किती, नष्ट केल्याची तारीख, सही. नव्या नोकरीत जाऊन पर्वाची सूट मागावी, आणि 'जमत नसेल तर दुसरं कुणी बघू' असं ऐकावं, एवढं धाडस त्यांच्यात नव्हतं. म्हणून त्या दहा दिवसांतल्या प्लेटा त्या पिशवीत घट्ट बांधून, चिठ्ठी लावून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवीत आणि नोंदवहीत रोजच्यासारखी त्याच दिवसाची तारीख घालून सही करीत. फक्त सहीशेजारी पेन्सिलीनं एक बारीक टिंब देत. पर्व संपलं की प्लेटा उकळायच्या आणि टिंबाभोवती गोल काढायचा. असं बावीस भाद्रपद चाललं.

एरवीच्या दिवशीही बटण दाबण्याआधी त्या हात जोडत. मुलं हसत, पण चेष्टेनं नाही. एकदा एका मुलीनं विचारलं तर प्रभाक्का म्हणाल्या की यीस्टचा पाव काही आम्ही खात नाही, पण यीस्टनंच आमच्या घरात भाकरी आणली. एवढं तरी म्हणायला नको? कीर्ती आता साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात औषधं देते. पहिल्या पगारात तिनं आईला मनगटी घड्याळ घेतलं होतं. ते प्रभाक्का फक्त काचसामान धुताना काढतात.

चार वर्षांपूर्वी संयोगिता आली. उंब्रजची. वडिलांचं हायवेला पंक्चर काढायचं दुकान, आणि पोरगी पीएच.डी. करायला सांगलीत. बोलकी इतकी, की विभागप्रमुख इंद्रजित सर म्हणायचे, हिच्या यीस्टला हिच्या आवाजानंच जाग येते. ती प्रभाक्कांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी न्यायची आणि आज काय दिसतंय ते दाखवायची. तोवर अठरा वर्षं ज्या जिवांची भांडी धुतली, ते जीव प्रभाक्कांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

यीस्टची पेशी गोल, लिंबासारखी. तिला वाढायचं तर सगळ्या अंगानं फुगून चालत नाही. तिला एका जागी कोंब काढावा लागतो. तो कोंब वाढतो, आणि पुरता वाढला की लेक म्हणून वेगळा होतो. आईच्या अंगावर त्या जागेचा वण राहतो. पण लिंबाला कुठलं डोकं आणि कुठले पाय? कोंब नेमका कुठं काढायचा, हे ती पेशी ठरवते कशी, हाच संयोगिताचा विषय होता. तिनं समजावून सांगितलं, की पेशीच्या कडेशी एक प्रथिन असतं. सुरुवातीला ते तीनचार ठिकाणी थोडं थोडं गोळा होतं. जिथं जरा जास्त जमलं, तिथं ते आणखी ओढलं जातं. बाकीच्या ठिकाणचं ओसरतं. आणि शेवटी एकच जागा उरते. मग पेशीच्या आतल्या बारीक दोऱ्या त्या जागेकडं वळतात आणि भिंत बांधायचं सगळं सामान त्या दोऱ्यांवरून तिथंच पोचतं. म्हणून कोंब एकच.

प्रभाक्का डोळा न काढता ऐकत होत्या. नांद्र्याला त्यांच्या वडिलांची द्राक्षबाग होती, आणि लग्नाआधीची सात वर्षं त्यांनी बायकांच्या टोळीत विरळणी केली होती.

"छाटणी झाली की एका डोळ्यातनं दोन-दोन, तीन-तीन फुटी येत्यात," त्या म्हणाल्या. "एक ठिवायची, बाकीच्या खुडायच्या. न्हाईतर येल नुसता पाल्यानं भरतो, घड धरत न्हाई. ही बया आपली आपणच विरळणी करती व्हय?"

संयोगितानं तेवढं वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढं ती विभागाच्या चर्चेत विरळणी हाच शब्द वापरू लागली, आणि सुरुवातीला भुवया उंचावणारे इंद्रजित सरही वापरू लागले. ते फलटणचे, उसाच्या घरातले. त्यांना डोळा फुटणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही.

विरळणी कशी होते हे कळायचं तर विरळणी न जमणारी पेशी हवी. संयोगितानं चार हजारांवर वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, एकेक करून तपासल्या. साडेतीन वर्षं गेली. यंदाच्या श्रावणात, क्रमांक चार हजार एकशे अठराला, ती सापडली. पंचवीस अंशांवर ही पेशी चारचौघींसारखी; पण सदतीस अंशांवर नेली, की एकदम दोन कोंब काढायची, दोन्ही सारखेच, कुणीच मागं सरायचं नाही, आणि पाचसहा तासांनी बिचारी मरायची. संयोगितानं पहिली हाक प्रभाक्कांना मारली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बिनविरळणीची." तेच नाव पडलं.

नवं काही सापडलं की त्याच दिवशी त्याचा अंश उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये साठवून ठेवायचा, हा या कामातला पहिला धडा. पण साठवायच्या कुप्या संपल्या होत्या. त्या आल्या तेव्हा तिला वाटलं, एकदा आणखी खात्री करून घेऊ. मग गौरीचा सण आला. गुरुवारी, पर्वाच्या दुसऱ्या दिवशी, तिनं बिनविरळणीची सहा नव्या प्लेटांवर उतरवली, पंचवीस अंश राखणाऱ्या इन्क्युबेटरच्या कपाटात ठेवली, तिच्याच जुन्या सुकत आलेल्या दोन प्लेटा टाकायच्या ट्रेमध्ये घातल्या आणि साडेचारची एसटी धरून उंब्रजला गेली. सोमवारी आल्या आल्या कुप्या भरायच्या, असं तिनं ठरवलं होतं. प्रभाक्कांनी ट्रे रिकामा केला. पिशवी, चिठ्ठी, खालचा खण. नोंदवहीत गुरुवारची तारीख, सही, टिंब.

सोमवारी सकाळी इन्क्युबेटरचा आकडा एक्कावन्न दाखवत होता. थंड करणारं यंत्र बंद पडलं होतं आणि तापवणारं चालूच राहिलं होतं. दार उघडल्यावर करपलेल्या पिठासारखा वास बाहेर आला. सहाही प्लेटांवरचा थर आकसून कडेला सुटला होता. संयोगितानं प्रत्येकीतून थोडं थोडं उचलून ताज्या प्लेटांवर ओढलं, पण ते ती सवयीनं करत होती. चार तास एक्कावन्न अंशांत कुठलं यीस्ट टिकतं, हे तिला माहीत होतं, आणि इथं तीन दिवस गेले होते. तिची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार होती. पुन्हा चार हजार वसाहती तपासायला आता दिवस नव्हते. बोलकी पोरगी स्टुलावर बसली आणि दुपारपर्यंत एक शब्द बोलली नाही.

इंद्रजित सर रागावले की त्यांचा आवाज खाली येतो. त्यांनी विचारलं, साठवून का ठेवली नाहीस. मग ते खिळ्यावरची नोंदवही काढून सगळ्यांसमोर बोलले.

"या विभागात नियम पाळणारं एकच माणूस आहे. बघा ही वही. बावीस वर्षं, एक दिवस चुकलेला नाही. अक्कांकडून शिका."

प्रभाक्का त्या वेळी बेसिनपाशी फ्लास्क धूत होत्या. त्या वळल्या होत्या ते सांगायलाच, की सर, गुरुवारच्या दोन प्लेटा माझ्याकडं आहेत. ते वाक्य तोंडात तसंच राहिलं. त्या पुन्हा बेसिनकडं वळल्या आणि धुतलेलाच फ्लास्क परत धुऊ लागल्या. पाच वाजता सरांनी वही जागेवर लावली, त्यानंतर प्रभाक्कांनी गुरुवारची ओळ काढून पाहिली. संयोगिता, दोन. शेजारी टिंब.

घरी जाऊन त्यांनी सूर्यास्ताआधी जेवायला म्हणून भात केला आणि तो तसाच झाकून ठेवला. आदल्या दिवशी, रविवारी, मंदिरात, पर्वातल्या दहा धर्मांपैकी त्या दिवसाच्या उत्तम सत्यावर प्रवचन झालं होतं. पुढच्या रांगेत बसून त्यांनी मान डोलावली होती, ते आता आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. बावीस वर्षांचं नाव, आठ महिन्यांवर आलेली निवृत्ती, आणि तेही ज्या माणसानं आज सगळ्यांसमोर मान दिला त्याच्यापुढं जाऊन खोटं ठरायचं. न सांगितलं, तर कुणाला कधी कळणारही नव्हतं. अनंत चतुर्दशी झाली की पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये, टिंबाला गोल, संपलं. पोरीची साडेतीन वर्षं मात्र त्या पिशवीबरोबर उकळणार होती.

त्यांनी साताऱ्याला फोन लावला. कीर्तीनं सगळं ऐकून घेतलं.

"नोकरी जाईल म्हणून भितेस का, आई?" ती म्हणाली. "अगं, ती नोकरी मला शिकवायला धरली होतीस ना? मी शिकले की."

प्रभाक्कांनी फोन ठेवला, खिडकीतून पाहिलं, अजून उजेड होता. त्यांनी भात वाढून घेतला.

मंगळवारी साडेनऊला, विभाग उघडायच्या आधी, त्या सरांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात नोंदवही.

"सर, त्या दोन प्लेटा हायत."

"कुठल्या?"

"संयोगिताच्या. गुरुवारच्या. मी मारल्या न्हाईत."

सरांनी वही घेतली, ओळ पाहिली. "इथं तुमची सही आहे, अक्का."

"हाय. खोटी हाय." मग त्यांनी पर्वाचं, माताजींचं, टिंबाचं सगळं सांगितलं, खाली न बघता. सर पानं मागं मागं उलटत गेले. एका भाद्रपदापाशी थांबले, मग त्याच्या आधीच्या, मग त्याच्याही.

"ही सगळी?"

"सगळी."

"मला विचारलं का नाहीत?"

"आदी भ्याले, सर. मग सवय झाली."

सरांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, की हे नंतर बघू, आधी खण उघडा.

प्रभाक्कांनी ट्यूबची पट्टी सोडली. खणात चार पिशव्या होत्या. गुरुवारच्या पिशवीतल्या एका प्लेटेवर कडेनं हिरवी बुरशी चढली होती. दुसरीच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब होते, पण खाली साईच्या रंगाचे ठिपके स्वच्छ, जसेच्या तसे. गारव्यात यीस्ट मरत नाही, नुसतं वाट पाहतं. संयोगिता आली, तिला सांगितलं, तेव्हा तिनं ती प्लेट दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात नेली आणि तिथंच उभी राहिली. सरांना तिला दोनदा सांगावं लागलं, की आता बघत बसू नकोस, उतरवून घे.

ठिपके दिसायला दोन दिवस लागतात. बुधवारी संयोगितानं आधीच्या प्लेटा काढून पाहिल्या. सोमवारी करपलेल्या प्लेटांवरून ओढलेल्या रेघांवर काहीच उगवलं नव्हतं. गुरुवारी दुपारी नव्या प्लेटेवर बारीक पांढरे ठिपके आले. पण ती तीच आहे का आणि तशीच आहे का, हे सदतीस अंशांवर नेल्याशिवाय कळणार नव्हतं.

शुक्रवारी अनंत चतुर्दशी. कॉलेजला सुट्टी होती आणि प्रभाक्कांना उपवास. मंदिरातली पूजा आटोपून त्या पायी कॉलेजात पोचल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. रस्त्यावर विसर्जनाच्या ट्रॉल्या सजत होत्या आणि ढोलांचा आवाज प्रयोगशाळेच्या काचांना जाणवत होता. संयोगितानं सकाळी नऊला ते यीस्ट सदतीस अंशांवर नेलं होतं. तिनं थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि स्वतः बघायच्या आधी बाजूला सरकली.

"अक्का, तुमी बघा. मला धीर न्हाई."

प्रभाक्कांनी घड्याळ मागं सारलं आणि डोळा लावला. आधी सगळं धूसर. मग चाक फिरवलं. लिंबं दिसू लागली, आणि एका लिंबाला दोन कोंब, सारखेच, दोन्ही हट्टी.

"हाय," त्या म्हणाल्या. "बिनविरळणीचीच हाय."

संयोगितानं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग प्रभाक्कांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. डोळे पुसले तेव्हा तिचा आवाज परत आला होता. म्हणाली, "आवं अक्का, हे तुमचं पर्व वरीसभर ठिवा की." दाराशी उभे असलेले सरही हसले. त्याच दुपारी बारा कुप्या भरल्या. सहा विभागाच्या फ्रीझरमध्ये गेल्या आणि सहा दुसऱ्या इमारतीतल्या. प्रभाक्कांनी त्या मोजून पाहिल्या नाहीत. संयोगितानंच त्या दोनदा मोजल्या.

क्षमावाणी, म्हणजे पर्वानंतर एकमेकांची क्षमा मागायचा दिवस, रविवारी झाली. दर वर्षी तिच्या दुसऱ्या दिवशी प्रभाक्का विभागात सगळ्यांपुढं हात जोडून म्हणत, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा असावी. सोमवारी त्या सरांच्या खोलीत गेल्या आणि या वेळी चूक नावानिशी सांगून क्षमा मागितली. बावीस वर्षं खोटी तारीख लिहिली, त्याची.

सर उठून उभे राहिले. म्हणाले की मीही मागतो, कारण भिंतीवरचा माझा नियमच कच्चा होता. कुणाचीही प्लेट लगेच मारू नये, निदान आठवडाभर राखून ठेवावी, हे मला सुचायला हवं होतं. ते तुमच्या पर्वानं शिकवलं. "पण अक्का, तारीख खोटी ती खोटीच. ती दुरुस्त झाली पाहिजे, आणि तुमच्याच अक्षरात."

प्रभाक्कांना ते ऐकून हलकं वाटलं. नुसती माफी मिळाली असती, तर ती त्यांना पेलली नसती. धन्यकुमारांच्या आजारपणापासूनची सगळी पंचांगं त्यांच्या घरी कपाटात होती. ती आणून, प्रत्येक पर्व कधी संपलं ते त्यांत बघून, त्यांनी चार दिवस, काम संपल्यावर, एकेका टिंबापुढं खरी तारीख लाल शाईनं लिहिली आणि खाली सही केली. तीन वह्या महापुरात गेल्या होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं, की या तीन भाद्रपदांतही मी असंच केलं होतं. सरांनी तो कागद फायलीत लावला आणि त्यावर आपलीही सही केली. निवृत्तीच्या कागदांवर काही शेरा येणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते प्रभाक्कांना कारकुनाकडून कळलं.

भिंतीवर आता नवा कागद आहे. नोंदवहीत एक रकाना वाढला आहे : 'राखून ठेवल्याची तारीख'. खालच्या खणाला संयोगितानं चिठ्ठी लावली आहे, त्यावर फक्त 'अक्का' लिहिलं आहे.

शेवटची लाल सही झाली त्या गुरुवारी पर्वातल्या सगळ्या पिशव्या उकळायच्या होत्या. पर्व सरलं होतं. त्यांची वेळ आली होती. प्रभाक्कांनी त्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या. संयोगिताच्या पिशवीपाशी त्या थोडं जास्त थांबल्या. बुरशी आलेली ती प्लेट तिच्यातच होती. मग त्यांनी हात जोडले. लय दिलंत, त्या हळूच म्हणाल्या, आणि झाकण लावून बटण दाबलं.

वाफ धरायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात त्यांनी नोंदवहीत तारीख लिहिली, खरी. घड्याळात सव्वापाच झाले होते. सूर्यास्ताला अजून तासभर होता, घरी जाऊन निवांत जेवायला पुरेसा.